भावी शिक्षक ग्रुपवर गप्प का असतात?

बी.एड.च्या जवळपास प्रत्येक वर्गाचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एकात प्राध्यापक असतात, दुसऱ्यात नसतात. पहिल्यावर सूचना येतात: उद्या निरीक्षण वह्या जमा कराव्यात, पाठ टाचणावर (पाठाच्या लेखी आराखड्यावर) सही घेतल्याशिवाय पाठ घेऊ नये, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख अमुक. त्याखाली ‘ओके मॅडम’, ‘ओके सर’, जोडलेले हात, अंगठे. दुसऱ्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी शंभरेक मेसेज पडलेले असतात. ‘चेतक बदल म्हणजे नुसतं वर्गात फिरायचं का गं?’ (मुलांचं लक्ष टिकवायला आवाज, हालचाल, हावभाव बदलत राहणं म्हणजे चेतक बदल.) ‘माझा फळा दोन मिनिटांत भरला, पुसायचा कधी?’ ‘अपूर्णांकासाठी कुणाकडे साहित्य आहे का?’ ‘पुठ्ठ्याच्या भाकऱ्या आहेत माझ्याकडे, सकाळी आणते.’

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते. हा दुसरा ग्रुप मी पाहिला, कारण एका छात्राध्यापिकेने आपणहून मोबाईल माझ्यापुढे धरला. तिला त्या पुठ्ठ्याच्या भाकऱ्यांचा फोटो दाखवायचा होता. माझं लक्ष गेलं ते वरच्या-खालच्या मेसेजांकडे. जी मुलं माझ्या ग्रुपवर महिनोन्‌महिने दोन शब्दांपलीकडे गेली नव्हती, तीच इथे एकमेकांना शिकवत होती. फोन तोच, ॲप तेच, विषयही तोच.

भावी शिक्षकांना समाजमाध्यमांवरून शिकण्याबद्दल काय वाटतं, यावर शिक्षणशास्त्रात बरंच संशोधन चालतं, आपल्याकडे एम.एड.चे लघुप्रबंधही होतात. निष्कर्ष बहुतेकदा ‘अभिवृत्ती सकारात्मक आढळली’ असा असतो. तो खोटा नाही. पण त्या निष्कर्षाने माझ्या ग्रुपवरची शांतता उलगडत नाही, म्हणून आधी हे मोजमाप कसं होतं ते पाहू.

अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे असलेला मनाचा कल. तिचे तीन पदर मानले जातात: विचार, भावना आणि कृती. ‘यूट्यूबवर प्रयोग पाहिला की नीट समजतो’ हा विचार. ‘ग्रुपवर लिहायचं म्हटलं की धडधडतं’ ही भावना. ‘मी लिहीतच नाही’ ही कृती. एकाच माणसात हे तीन पदर तीन दिशांना ओढत असू शकतात.

मोजण्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. विधान द्यायचं आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायचं. मग गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आता समजा एकीने ‘समाजमाध्यमं शिकायला उपयोगी आहेत’ या विधानाला पूर्ण सहमती दिली, तिला ५ गुण. ‘सर्वांसमोर लिहायची मला भीती वाटते’ यालाही तिने पूर्ण सहमती दिली. हे विधान उलट दिशेचं, म्हणून इथे १ गुण. सरासरी आली ३. तक्त्यात ती ‘तटस्थ’ म्हणून बसली. खरं तर तिला दोन्ही गोष्टी अगदी जोरात वाटत आहेत आणि ती तटस्थ तर मुळीच नाही. बेरजेत तिची सगळी घालमेल विरून गेली.

शिवाय माणूस कागदावर जे सांगतो तेच करतो असं नाही. रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९३४ सालचा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. चिनी लोकांबद्दल अमेरिकेत तेव्हा उघड द्वेष होता. लापिएर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरले. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खानावळी झाल्या, नकार मिळाला तो फक्त एकदा. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, ‘चिनी पाहुणे घ्याल का?’ ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या दहापैकी नऊ जणांनी ‘नाही’ म्हटलं. आपल्या विषयात हे उलट बाजूने घडतं. प्रश्नावली वाटणारे त्यांचेच प्राध्यापक असतात आणि आजच्या काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा कौतुकाचा शब्द आहे. अशा वेळी ‘मला ही साधनं आवडत नाहीत’ यावर कोण खूण करणार?

उपयोगी आहे, सोपं आहे, मग अडतं कुठे?

माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं एक सोपं स्पष्टीकरण फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दिलं. माणूस मनात दोनच प्रश्न विचारतो: याचा मला उपयोग आहे का, आणि हे वापरायला सोपं आहे का? डेव्हिस यांच्यासमोर ऑफिसातले संगणक होते. तिथे हे दोन प्रश्न बऱ्यापैकी पुरतात.

भावी शिक्षकांच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर चटकन ‘हो’ येतं. टीईटीच्या म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, अभियोग्यता चाचणीच्या तयारीला टेलिग्राम चॅनेल लागतातच. जुन्या प्रश्नपत्रिका, बालमानसशास्त्राच्या नोट्स, सराव चाचण्या सगळं तिथे मिळतं. यूट्यूबवर तर एकाच धड्याचे दहा पाठ पाहता येतात. याबद्दल कुणाला विचारा, कुरकूर ऐकू येणार नाही. पण टेलिग्रामच्या चॅनेलवर सभासद एकमेकांना दिसत नाहीत आणि यूट्यूबवर पाहणाऱ्याला कुणी पाहत नाही. दोन्हीकडे शिकणारा अंधारात बसलेला असतो. माध्यम कुठलं यापेक्षा तिथे आपल्याला कोण पाहतंय, यावर त्यांच्या भावना ठरतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

संशोधक ॲलिस मार्विक आणि डाना बॉईड यांनी २०११ मध्ये ट्विटरच्या संदर्भात या अवघडलेपणाचा अभ्यास केला. आपण आईशी एका तऱ्हेने बोलतो, मैत्रिणीशी दुसऱ्या, साहेबांशी तिसऱ्या. समाजमाध्यमांवर हे सगळे श्रोते एकाच जागी येतात आणि वेगवेगळं बोलण्याची सोय संपते. आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवात हे पुरेपूर अनुभवायला मिळतं. आजोळची माणसं, कॉलेजचे मित्र, भावकी, ऑफिसातले वरिष्ठ सगळे एकाच पंगतीत असले की नवरामुलगा कुणाशीच धड बोलत नाही, नुसता हसत राहतो. ‘ओके मॅडम’ हे तसलंच हसणं आहे.

बी.एड.च्या ग्रुपवर मार्क देणारे प्राध्यापक असतात. सोबती असतात, जे पुढे भरतीत प्रतिस्पर्धी होणार आहेत. कधी सराव शाळेचे मुख्याध्यापकही असतात. लिहिलेलं पुसलं तरी ‘हा मेसेज डिलीट केला’ हे राहतंच, आणि स्क्रीनशॉट कुणी काढला हे कळत नाही. अशा ठिकाणी ‘मला हे समजलं नाही’ हे वाक्य लिहायला फार बळ लागतं. शिकायचं तर मात्र तेच वाक्य आधी लिहावं लागतं.

सूक्ष्म पाठाची भिंत

ही गोष्ट सूक्ष्म अध्यापनात सगळ्यात स्पष्ट दिसते, म्हणून तिथे जरा थांबते.

सूक्ष्म अध्यापनाची सुरुवात १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. कल्पना साधी आणि फार शहाणपणाची होती: नवशिक्या शिक्षकाला एकदम पूर्ण वर्गात ढकलू नका. एक छोटं कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडी मिनिटं. आपल्याकडे रूढ झालेलं चक्र छत्तीस मिनिटांचं आहे. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण. म्हणजे झालेल्या चुकीवर तासाभराच्या आत उपाय करून पाहता येतो. शिवाय चूक पाहणारे पाच-दहा सोबतीच असतात आणि त्यांचीही पाळी येणारच असते. चुकायला सुरक्षित जागा मिळावी, याचसाठी ती भिंत उभी केलेली आहे.

आता पाठ मोबाईलवर रेकॉर्ड होतो. स्वतःला पाहायला मिळणं ही मोठीच सोय आहे, आणि स्टॅनफर्डलाही चित्रफीत वापरत होतेच. फरक पुढे पडतो. चित्रफीत ग्रुपवर टाकली की सहा मिनिटांचा तो कच्चा पाठ पन्नास-शंभर जणांकडे जातो आणि तिथेच राहतो. पुनर्पाठात ती मुलगी कितीही सुधारली तरी ग्रुपवर तिचा पहिला, अडखळलेला पाठच उरतो. वरून मी लिहिते, ‘सर्वांनी अभिप्राय द्यावा.’ तिघेजण ‘छान’ लिहितात, बाकीच्यांच्या निळ्या खुणा दिसतात. त्या मुलीला वाटतं, आपला पाठ इतका वाईट झाला की कुणी बोलेनासं झालं. न लिहिणाऱ्यांशी बोलले तर कारण निराळंच निघतं: उद्या माझा पाठ आहे, आज मी तिच्या चुका काढू कशाला?

न, ण आणि ऱ्हस्व-दीर्घ

एक चूक माझ्याच हातून झाली, ती सांगायला हवी. माझी पद्धती, म्हणजे जो विषय कसा शिकवावा हे मी शिकवते तो, मराठी. एका छात्राध्यापिकेने ग्रुपवर मोठ्या उत्साहाने आपल्या पाठाबद्दल सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. त्यात ‘पाणी’चं ‘पानी’ झालं होतं, दोन-तीन वेलांट्या चुकल्या होत्या. मी सवयीने तिथेच दुरुस्त करून लिहिलं, खाली एक हसरा चेहरा टाकला. पाच-सहा जणांनी माझ्या मेसेजला अंगठा दिला. तिने ‘सॉरी मॅडम’ लिहिलं आणि उरलेल्या वर्षात त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. हे मला निरोप समारंभाच्या दिवशी तिच्या मैत्रिणीने सांगितलं. तोवर माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

मराठी शिकवायला निघालेल्या माणसाचं मराठी चुकणं म्हणजे त्याला आपली पात्रताच गेल्यासारखं वाटतं. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलांना बोलताना हे इतकं जाणवत नाही, कारण बोललेलं विरून जातं. लिहिलेलं मात्र नावासकट टिकतं. मग मुलं तीन वाटा शोधतात. कुणी रोमन लिपीत लिहितं, म्हणजे वेलांटीचा प्रश्नच येत नाही. कुणी कुठूनतरी शुद्ध, गुळगुळीत परिच्छेद उचलून चिकटवतं. उरलेली अंगठा देतात. या मुलांना ‘समाजमाध्यमांबद्दल उदासीन’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

लिहीत नाही म्हणजे शिकत नाही, असंही समजू नये. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकाऊ कारागिरांच्या उदाहरणांवरून दाखवलं, की नवखा माणूस आधी कडेला राहून, बारीकसारीक कामं करत, पाहत शिकतो आणि हळूहळू मध्यभागी सरकतो. भजनी मंडळात नव्याला पहिल्याच दिवशी कुणी गायला लावत नाही. तो मागे बसतो, टाळ धरतो, धृपद उचलतो. वर्षभराने एखाद्या दिवशी अभंग सुरू करतो. ग्रुपवर गप्प राहून सगळं वाचणारी मुलं बऱ्याचदा टाळ धरून बसलेली असतात. त्यांना पुढे सरकायला वाट आहे का, हे पाहणं आमचं काम.

फोन कुणाच्या हातात असतो

बी.एड.ला विवाहित मुली पुष्कळ असतात. दिवसभर कॉलेज, मग घर, स्वयंपाक, लेकरू. मोबाईल हातात येतो तो रात्री साडेनऊ-दहाला. नेमक्या त्याच वेळी ग्रुपवर चर्चा रंगते, कारण बाकीच्यांनाही तेव्हाच सवड असते. आणि घरातून प्रश्न येतो, ‘एवढ्या रात्री कुणाचे मेसेज?’ एका छात्राध्यापिकेने मला सांगितलं, की तिचा नंबर ग्रुपवर सगळ्यांना दिसतो याचीच तिला धास्ती असते. वर्गातल्या एखाद्या मुलाने टाचणासाठी साधा वैयक्तिक मेसेज केला तरी घरी उत्तर द्यावं लागतं. हे कुठल्याही प्रश्नावलीत येत नाही. प्रश्नावलीत ‘इंटरनेट सुविधा उपलब्ध आहे का’ असं विचारलेलं असतं आणि ती ‘हो’वर खूण करते. सुविधा आहेच.

जिओ आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाला हे खरं. पण स्वस्त डेटा घरोघरी सारख्या मोकळेपणाने वापरता येत नाही, आणि मुलींच्या वाट्याला तो सगळ्यात कमी मोकळेपणाने येतो.

दुसरी भूमिका

आतापर्यंत आपण या मुलांकडे विद्यार्थी म्हणून पाहिलं. पण ती अर्धी शिक्षकही असतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचे एकूण आठवडे वीस झाले. आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, शाळेत गेलं की भावना पार बदलतात.

काल ग्रुपवर बुजणारी मुलगी आज नववीच्या वर्गाची ‘टीचर’ असते. आठवडाभरात मुलं तिचं इन्स्टाग्राम खातं शोधून काढतात. विनंत्या येऊ लागतात. स्वीकारावी तर तिचे सहलीचे फोटो, मैत्रिणींच्या गमती सगळं वर्गात पोचतं. नाकारावी तर मुलं नाराज होतात, आणि नव्या शिक्षिकेला मुलांचं प्रेम हवंच असतं. वयात अंतर जेमतेम सात-आठ वर्षांचं. बहुतेक जणी पहिल्या आठवड्यात खातं खासगी करतात आणि डीपीवर फूल किंवा देव ठेवतात.

दुसरा पेच फोटोंचा. पाठ छान रंगला, मुलांनी हात वर केले, कुणीतरी फोटो काढला, तो स्टेटसला गेला. आनंद खरा असतो आणि तो वाटावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या फोटोत चाळीस मुलांचे चेहरे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे, आणि त्यांची माहिती हाताळणाऱ्या संस्थांनी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलं आहे. स्टेटसचा फोटो कायद्याच्या कुठल्या कलमात बसतो, ही चर्चा वकिलांनी करावी. आपलं लेकरू कुणाच्या फोनवर फिरतंय हे त्याच्या आईला माहीत असावं, एवढं मात्र मी छात्राध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगते.

या पिढीला एक आठवणही आहे. आज बी.एड.च्या वर्गात बसलेली बरीच मुलं मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नववी ते बारावीत होती. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला तेव्हा व्हॉट्सॲपवरून रोज फिरत होती, शिक्षक जीव तोडून काम करत होते. तरी घरात एकच फोन, तो बाबांबरोबर शेतावर, धाकट्या भावाचा तास आधी, रेंजसाठी टेकडीवर जाणं, हे या मुलांनी स्वतः भोगलेलं आहे. त्यामुळे ‘पालकांच्या ग्रुपवर गृहपाठ टाका’ म्हटलं की काही जण लगेच विचारतात, ‘मॅडम, ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय?’ ही शंका वरून तंत्रज्ञानविरोधी वाटते. माझ्या मते ती त्यांच्यातल्या शिक्षकाची पहिली खूण आहे. त्याच २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम मी वर्गात सांगते तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. ती चमक आणि टेकडीवरच्या रेंजची आठवण, दोन्ही एकाच मुलाच्या मनात असतात.

‘आजची मुलं मोबाईल घेऊनच जन्मली, त्यांना काय शिकवायचं’ असं स्टाफरूममध्ये ऐकू येतं. रील बनवता येणं आणि अपूर्णांक शिकवायला चित्रफीत वापरता येणं ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये हेच मांडलं: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान जिथे एकमेकांत मिसळतात तिथे खरा शिक्षक घडतो. हे मिसळणं कुणीतरी करून दाखवावं लागतं.

वेलांट्यांच्या त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी बदलल्या. मोठा ग्रुप आता फक्त सूचनांसाठी आहे. पाठांची चर्चा पाच-पाच जणांच्या गटात होते, गट मुलांनी आपापसात ठरवायचे, आणि आपल्याला कुणाला नंबर द्यायचा आहे ते मुलींनी ठरवायचं. रात्री आठनंतर मी काही टाकत नाही. चित्रफीत ज्याची त्याच्याकडेच राहते. पुनर्पाठ झाल्यावर दाखवावीशी वाटली तर तो दाखवतो. शुद्धलेखनाच्या चुका मी टाचणाच्या वहीत पेन्सिलीने दाखवते. आणि लिहिण्याऐवजी बोलून पाठवलं तरी चालतं, असं पहिल्याच तासाला सांगते.

गेल्या सत्रात खानदेशातल्या एका छात्राध्यापकाने सूक्ष्म पाठानंतर गटावर आवाजी मेसेज टाकला. मिनिटभराचाही नव्हता, अर्धा अहिराणीत. ‘पोरांकडे मी पाहिलंच नाही, सगळा वेळ फळ्याशीच बोलत राहिलो,’ असा त्याचा सूर होता. थोड्या वेळाने एकीचं उत्तर आलं, तेही आवाजीच: ‘माझंही तसंच होतं. फळ्याच्या डाव्या बाजूला उभं राहून लिही, आपोआप वळावं लागतं.’ दुसऱ्या दिवशीच्या सूक्ष्म पाठाला तो डावीकडे उभा राहिला. दोन शब्द लिहायचे, वळायचं, पुन्हा दोन शब्द. सहा मिनिटांत फळा अर्धाही भरला नाही, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीने प्रश्न विचारला तो त्याला लगेच दिसला.